संगोपनातील बालक व शिक्षकाची नोंद

आईबापांवाचून आजी-मामांकडे अथवा अन्य कुटुंबात वाढणाऱ्या बालकास शासनाच्या बालसंगोपन योजनेचे साहाय्य मिळते. त्याचा निर्णय बालकल्याण समिती करते. दि. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले. अशा आघातातून वाचलेले मूल जेवते, झोपते, एवढ्यावरून सुखरूप मानू नये. हजेरी पूर्ण असूनही सर कोसळताच ते दाराकडे सरकते काय, पोषण आहारातील भात धाकट्या भावंडासाठी बाजूला काढते काय, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत हिरड्याच्या हंगामात शाळा चुकवते काय, हे अधूनमधून येणाऱ्या अधिकाऱ्यास दिसणे कठीण. शिक्षकास ते रोज दिसते. पाहिलेले तारखेसह लिहावे, तर्क मिसळू नये. आराखडा ठरण्यापूर्वी बालकाची स्वतःची इच्छाही विचारावी, परंतु पालनकर्त्यांदेखत नव्हे.