गार हीटर, तापलेलं इंजिन

डिसेंबर उजाडला की मनालीच्या रस्त्यावर ‘एमएच’ पाटीच्या गाड्या दिसू लागतात. पुण्या-नाशकाहून निघालेली मंडळी मुक्काम करत करत बियासच्या खोऱ्यात पोहोचतात, अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर पार करून लाहौलच्या बाजूला सिस्सूकडे बाहेर पडतात आणि तिथे बहुधा गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी हीटरचा नॉब पुरता लाल खुणेवर नेतं. ब्लोअर घोंगावतो, वारा जोरात येतो, पण तो बाहेरच्या वाऱ्याइतकाच बोचरा असतो. नॉब चार वेळा मागेपुढे फिरवून होतो. मग ‘हीटर बिघडलेला दिसतोय, घरी गेल्यावर दाखवू’ असं म्हणून सगळे स्वेटरवर स्वेटर चढवतात आणि गाडी पुढे निघते.

ही गाडी तशीच पुढे नेऊ नये. मोटारीतला हीटर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचीच एक शाखा. इंजिनातलं पाणी कमी झालं, त्यात हवा शिरली किंवा ते फिरायचं थांबलं, तर त्याचा पहिला पत्ता अनेकदा हीटरलाच लागतो. तापमानाचा काटा हलण्याआधीच झरोक्यातून गार वारा येऊ लागतो.

पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे हवेत जातो आणि उरलेला इंजिनच्या धातूत मुरतो. तो वेळेवर बाहेर काढला नाही तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ते काम इंजिनच्या पोकळ्यांमधून फिरणारं पाणी करतं. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी ताशी ६०च्या वेगाने धावत असेल तर तासाला चार लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला ३६ युनिट. त्यातला तिसरा हिस्सा पाण्यात जातो, तो होतो सुमारे १२ किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे सहा गिझर एकदम चालू ठेवले तर जेवढी उष्णता मिळेल, तेवढी बॉनेटखाली सतत तयार होत असते. रेडिएटर ती हवेत सोडून देतो. हीटर तिचा थोडा वाटा आपल्याकडे वळवतो. विजेच्या गाडीत ही वरकड उष्णता फार थोडी, म्हणून तिथे हीटरसाठी बॅटरीतली वीज खर्च होते आणि थंडीत एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर घटतं.

ही फुकटची ऊब वापरण्याची चांगली रीत सापडायला मोटारींनाही वेळ लागला. सुरुवातीच्या काळात एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत घेत. नळीला भेग पडली की विषारी धूरही आत येई. गरम पाण्यावरचे हीटर १९३०च्या आसपास अमेरिकेत रुळू लागले. १९३८ साली तिथल्या नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून घेऊन गरम पाण्याच्या जाळीवरून आत सोडणारी व्यवस्था आणली. आजच्या हीटरचा आराखडाही तोच आहे.

डॅशबोर्डच्या पोटात दडलेली ही जाळी म्हणजे छोटा रेडिएटर, हीटर कोर. इंजिनातून निघालेलं गरम पाणी एका होजमधून तिच्यात येतं आणि दुसऱ्या होजमधून परत पंपाकडे जातं. ब्लोअरची हवा या जाळीवरून जायची की तिला वळसा घालून, हे एक झडप ठरवते. आपण नॉब फिरवतो तेव्हा बहुतेक गाड्यांत हलते ती हीच झडप. घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांना या जाळीची ताकद चांगली ठाऊक असते. भर मे महिन्यात कसाऱ्याच्या चढावर काटा वर सरकू लागला की ते काचा उघडतात, एसी बंद करतात आणि हीटर पूर्ण सोडतात. आत बसलेल्यांना भाजून निघाल्यासारखं होतं, पण इंजिनला दुसरा रेडिएटर मिळतो आणि काटा खाली येतो. शास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती अगदी बरोबर आहे.

गार वाऱ्याचं कारण शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही, हात पुरतो. आधी पातळी पाहायची. इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटच्या टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन रेघांच्या मध्ये पाणी आहे का, हे बॉनेट उघडताच दिसतं. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नये. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. पातळी ठीक असेल तर गाडी वीसेक मिनिटं चालवायची, काटा नेहमीच्या जागी आला की थांबवायची, हीटर लाल खुणेवर ठेवायचा आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारे, अंगठ्याएवढे जाड दोन होज शोधायचे. ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवायची, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. मग हाताची मागची बाजू आधी एका होजजवळ, नंतर दुसऱ्याजवळ न्यायची.

दोन्ही होज चटका बसेल इतके गरम असतील तर पाण्याची बाजू निर्दोष आहे. दोष हवेच्या वाटेत आहे: झडपेची केबल निसटली असेल किंवा झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात तुटले असतील. तसं असेल तर नॉब फिरवताना डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. दुरुस्ती कधी किचकट असते, पण इंजिनला धोका नाही. अशी गाडी खुशाल चालवावी. वारा गरम पण अगदीच मंद येत असेल, तर केबिन फिल्टर धुळीने गच्च झालाय का ते बघावं.

एक होज गरम आणि दुसरा गार असेल तर पाणी जाळीत शिरतंय पण पलीकडे निघत नाही. जाळी तुंबली आहे, किंवा काही गाड्यांत होजवर असलेला व्हॉल्व्ह उघडत नाही. महाराष्ट्रातल्या गाड्यांत जाळी तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा आपणच ओतलेलं असतं. रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की पेट्रोलपंपावरचा कॅन किंवा ढाब्यावरची बाटली उपडी करायची सवय जुनी आहे. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार बाहेर पडून धातूला चिकटतात. साध्या पाण्यात गंजरोधक रसायनंही नसतात, त्यामुळे लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम झिजतं आणि तो गाळ जिथे नळ्या सगळ्यात अरुंद तिथे जाऊन बसतो. त्या नळ्या हीटर कोरच्या. वेगवेगळ्या रसायनांवर बेतलेले दोन कुलंट एकत्र केले तरी गाळ धरू शकतो, आणि कुलंटचा रंग पाहून त्याची जात ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे: दोन्ही होज सोडवून उलट्या दिशेने, कमी दाबाने साधं पाणी सोडायचं. पहिल्यांदा तपकिरी, चहासारखं पाणी येतं, मग तांबूस, मग स्वच्छ. जोराच्या दाबाने धुतलं तर जाळी फुटते आणि मग डॅशबोर्ड खोलल्याशिवाय इलाज राहत नाही.

दोन्ही होज कोमट आणि काटाही नेहमीपेक्षा खाली, अशी तिसरी अवस्था. इथे संशय थर्मोस्टॅटवर. हा भाग मुद्दाम हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. पितळी डबीत मेण भरलेलं, मधून एक बारीक दांडी आणि भोवती स्प्रिंग. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळतं, वितळताना फुगतं, दांडीला रेटतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं, स्प्रिंग झडप मिटवते. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये चटकन उडणारा द्रव भरलेला भाता असे आणि पाण्यावरच्या दाबाने त्याची गणितं बिघडत. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात मेण वापरलं आणि तो प्रश्न सुटला. वीज नाही, सेन्सर नाही. तरी वर्षानुवर्षं ही डबी इंजिनचं तापमान सांभाळते. ती चालते का हे स्वयंपाकघरात तपासता येतं. टाकाऊ पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगायचा, तापमापक धरायचा आणि गॅस लावायचा. ऐंशीच्या पुढे कधीतरी कडेला केसाएवढी फट दिसते, पाणी उकळेपर्यंत झडप चांगली उघडते, गॅस बंद केला की पुन्हा मिटते. गार पाण्यातही ती उघडीच दिसली तर निदान झालं: पाणी तापण्याआधीच रेडिएटरकडे पळतंय.

आपल्याकडे मात्र कित्येक गाड्यांत ही डबी सापडतच नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी तापू लागली की काही गॅरेजांत ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला मिळतो. मूळ दोष चोंदलेल्या रेडिएटरचा किंवा थकलेल्या पंपाचा. तो तसाच राहतो आणि काटा तेवढा खाली येतो. गार इंजिनात इंधन नीट जळत नाही, कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही, झीज वाढते. नव्या गाड्यांत इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुधा पी-०१२८ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ इंजिन हवं तेवढं तापतच नाही. हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण मालकाला दुरुस्ती झाल्याचं समाधान मिळतं आणि नुकसान रोज होत राहतं. डिझेल गाडीवाल्यांनी मात्र लगेच घाबरू नये. आधुनिक डिझेल इंजिन नुसतं उभ्या-उभ्या चालू ठेवलं तर इतकी कमी उष्णता देतं की कडाक्याच्या थंडीत पाणी नीट तापत नाही. थोडं अंतर चालवल्यावर ऊब येत असेल तर ती गाडी निरोगी आहे.

चौथी अवस्था सगळ्यात वाईट. गाडी पळताना हीटर गरम, सिग्नलला थांबली की गार. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज. होज गारच, आणि काटा कधी वर, कधी खाली. पाणी कमी झालंय आणि जाळीत हवा अडकली आहे. इंजिन मंद असताना पंपाला ती हवा ढकलता येत नाही. काट्यावरही इथे भरवसा ठेवता येत नाही, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो वाफेचं किंवा हवेचं तापमान दाखवतो आणि इंजिन भाजत असताना काटा शांत असू शकतो. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, पूर्ण निवू द्यावं. पाणी गेलं कुठे, हेही शोधायला हवं. पुढच्या सीटपायीचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट धुकं आणि गोडसर वास, असं असेल तर हीटर कोर गळतोय. तो गोड वास इथिलीन ग्लायकॉलचा. ते विषारी असतं, सांडलेलं कुत्र्या-मांजरांना आणि मुलांना चाटू देऊ नये. टाकीत सतत बुडबुडे, मागून पांढरा धूर आणि ऑइल दुधाळ झालेलं दिसलं तर हेड गॅस्केट गेलं. गाडी पुढे टो करूनच न्यावी.

डोंगरात हे सगळं अधिक टोकाला जातं. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर ते सुमारे ८८ला उकळतं. लेहच्या वाटेवरच्या टांगलांग लाच्या माथ्यावर, सव्वापाच हजार मीटरच्या वर, सुमारे ८२-८३ला. म्हणजे साधं पाणी आणि झाकणाचं रबर सुकलेलं असेल, तर थर्मोस्टॅट उघडण्याच्या बेतातच पाणी उकळू लागतं. अर्धं कुलंट, अर्धं शुद्ध पाणी हे मिश्रण आणि दाब धरणारं झाकण दोन्ही शाबूत असतील तर तिथेही शंभर अंशांपलीकडे निभाव लागतो. हेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. साधं पाणी लाहौलच्या रात्रीत गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा देऊ शकतं. पूर्ण गोठलं नाही तरी सकाळी जाळीत बर्फाचा चिखल असतो: हीटर गार आणि इंजिन तापलेलं.

हीटर बंद पडला म्हणून गाडीत शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह कदापि पेटवू नये. बर्फात अडकलेल्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं तर सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करत राहावं. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं दगावली, त्यातल्या अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. या वायूला वास नसतो. झोप लागते, एवढंच कळतं.

महाराष्ट्रात हीटर लागतोच कुठे, असं म्हणणाऱ्याने जुलैत आंबोली किंवा ताम्हिणीचा घाट उतरून पाहावा. काच आतून धुरकट होते. एसी हवेतली ओल काढून घेतो, हीटर त्याच हवेला ऊब देतो आणि ती कोरडी ऊबदार हवा काचेवर सोडली की मिनिटभरात रस्ता दिसू लागतो. दोन्ही एकदम चालवायचे असतात, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

उत्तरेच्या प्रवासाला निघायचं असेल तर ही तपासणी किमान आठवडाभर आधी, आपल्याच गावात करावी. गाडी चांगली तापू द्यावी, काचा उघडाव्यात, ब्लोअर मध्यम ठेवून हीटर दहा मिनिटं पूर्ण चालवावा आणि मधल्या झरोक्यात तापमापक धरावा. पन्नास अंशांच्या वर गेला तर जाळी, पंप, थर्मोस्टॅट आणि झडप चौघंही कामावर आहेत. चाळिशीतच अडकला तर आधी थंड इंजिनवर पातळी बघून, कंपनीने सांगितलेलंच कुलंट भरावं आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्यावी. कित्येक गाड्यांत एवढ्यावर हीटर गरम होतो. दोन दिवसांनी पातळी पुन्हा बघावी. ती उतरलेली असेल तर गळती सापडेपर्यंत निघू नये.