अण्णांचं गोल बटण

मैत्रिणींनो, रिमोटवरून घरोघरी होणारी भांडणं तुम्हाला मी काय सांगावीत! आमच्या धुळ्याच्या घरात मात्र भांडण झालं ते टीव्हीच्या नाही, खेळातल्या आगगाडीच्या रिमोटवरून.

झालं असं, मे महिन्यात पुण्याला दिरांकडे गेलो होतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, अख्खं गावच टेबलावर! लेक तिथून हलेना. शेवटी दिरांनी त्याला एक संच घेऊन दिला. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान डबे आणि चालवायला एक डबी, तिच्यावर गोल बटण. बटण हळूहळू फिरवलं की रुळांतली वीज शून्यापासून साधारण बारा व्होल्टपर्यंत वाढते, तसा गाडीचा वेग वाढतो. खटका उलटा केला की विजेची दिशा बदलते आणि गाडी मागे येते.

सर्वांत जास्त खूश झाले ते अण्णा, माझे सासरे. भुसावळ विभागात ते केबिनमध्ये नोकरीला होते. लिव्हर ओढला की तारेचा ताण हाताला कळायचा, असं अजून सांगतात. आता काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलीय. पण बटण किती फिरलं ते बोटांना कळतं, आणि रुळाच्या सांध्यावरची खडखड ऐकून ते गाडी बरोबर फलाटाला लावायचे.

दिवाळीत दिरांनी नवा डिजिटल संच पाठवला. त्यात रुळांत वीज कायम असते. प्रत्येक इंजिनात चिप, तिला वेगळा नंबर. एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगानं पळतात. गंमत खरीच! पण रिमोटची सगळी बटणं सारखीच गुळगुळीत, नंबर छोट्या पडद्यावर बघायचा. अण्णांनी दोनदा चाचपून पाहिलं, दोन्ही वेळा भलतंच इंजिन सुटलं.

लेक म्हणाला, "आजोबा, द्या इकडे. मी चालवतो, तुम्ही नुसतं बघा."

अण्णा काही बोलले नाहीत. काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसले. पुढचे आठ दिवस गाडीचं नाव नाही.

महिला मंडळात मी म्हाताऱ्या माणसांना मान द्यायच्या गोष्टी सांगते, आणि माझ्याच घरात हे! मीच तर जुना संच माळ्यावर टाकला होता. तो खाली काढला. लेकाला समोर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि आधी रिमोट दिला, मग गोल बटण. पाच मिनिटांत त्याचा तोच उठला आणि आजोबांना हात धरून घेऊन आला.

आता दोन्ही संच शेजारी शेजारी चालतात. रिमोट वाईट नाही हो, पण घरात वस्तू आणताना ती कोणाच्या हातातून काय काढून घेते, तेवढं बघावं.

रोज संध्याकाळी सांध्यावर खडखड होते, गाडी थांबते आणि अण्णा ओरडतात, "भुसावळ उनं रे भो, उतरा!"