पत्त्यापुरत्या उरलेल्या टॉकीज

पुण्यात मंडईकडे गाडी घेऊन निघालेल्या माणसाला घरातून सूचना मिळते, ‘आर्यनला लाव.’ आर्यन म्हणजे मंडईचं वाहनतळ. विशीतल्या मुलाला ते वाहनतळाचंच नाव वाटतं. त्याने दुसरं काही ऐकलेलंच नसतं. याच जागेवर १९१५ साली बापूसाहेब पाठकांनी ‘आर्यन सिनेमा’ सुरू केला. पुण्यातलं हे पहिलं कायमचं चित्रपटगृह. तोवर सिनेमा तंबूत यायचा आणि सर्कशीसारखा गाव सोडून जायचा. आर्यनमुळे त्याला पक्क्या भिंती मिळाल्या. फाळक्यांचे मूकपट, मग बोलपट, मग रंगीत चित्रपट असा जवळजवळ सात दशकांचा प्रवास या भिंतींनी पाहिला. १९८३ साली टॉकीज बंद झाली, इमारत गेली आणि मंडईच्या गर्दीला गाड्या लावायला जागा झाली. नाव मात्र कुणी काढलं नाही.

जुन्या टॉकीज गेल्या, हे दुःख दिवाळी अंकांना नवं नाही. पण त्या जाताना मागे काय ठेवून गेल्या हे पाहायचं तर फोटोंच्या अल्बमपेक्षा शहरातल्या पत्त्यांकडे पाहिलेलं बरं. बसचा थांबा, चौक, पूल, दुकानाची पाटी, रिक्षावाल्याला सांगायची खूण अशा ठिकाणी त्या अजून सापडतात.

मुंबईत गिरगावात जे. एस. एस. रोडवर ‘मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर’ आहे. मराठी वाचकाला मॅजेस्टिक म्हटलं की पुस्तकं आठवतात. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली पुस्तकविक्री सुरू केली ती मॅजेस्टिक सिनेमाच्या शेजारी. दुकानाला नावही शेजाऱ्याचंच मिळालं. पुढे त्याच नावाने प्रकाशन निघालं, १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू झालं, आणि ‘मॅजेस्टिक गप्पा’ हा तर मराठी साहित्यव्यवहाराचा भागच होऊन गेला. सिनेमागृहाचं नाव पुस्तकांच्या जगात इतकं रुजलं की मूळ धन्याची आठवण कुणाला राहिली नाही.

तो मूळ धनी काही साधासुधा नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’, म्हणजे भारतातला पहिला बोलपट, याच मॅजेस्टिकमध्ये झळकला. पडद्यावरची माणसं बोलतात आणि गातात हे पाहायला एवढी झुंबड उडाली की पोलिसांना बोलवावं लागलं. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेल्याची आठवण सिनेमावाल्यांनी पुढे अनेक वर्षं सांगितली. तिकिटांचा काळाबाजार आणि बोलपट असे हातात हात घालूनच या शहरात आले म्हणायचे. चित्रपटाचा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांतल्या हाणामारीचा राजा. वर्षभराच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ याच पडद्यावर आला आणि मराठी माणसाने पडद्यावर आपली भाषा ऐकली. आज मॅजेस्टिक नाही आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. घरही गेलं आणि घरात घडलेलंही गेलं.

गिरगावचा हा टापू म्हणजे मराठी सिनेमाची जन्मखोलीच. अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या डोक्यात राम-कृष्ण हलू लागले, तेही इथेच. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. सेंट्रल सिनेमात १९३६ च्या डिसेंबरात ‘संत तुकाराम’ लागला आणि सलग ५७ आठवडे उतरलाच नाही. पायी फिरण्याच्या अंतरातल्या या वास्तू. त्यांतल्या कोरोनेशनची नेमकी जागा दाखवायला आज जाणकार सोबत घ्यावा लागेल.

ग्रँट रोडला नावाची आणखी एक गंमत आहे. फॉकलंड रोडजवळच्या एका भागाला मुंबईकर ‘पिला हाउस’ म्हणतात. रंग पिवळा म्हणून नव्हे. मूळ शब्द ‘प्लेहाउस’. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं, विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन १८५३ साली तिथे आले, आणि पुढच्या काळात पारशी नाटक कंपन्यांच्या नाट्यगृहांनी तो सगळा परिसर गजबजला. प्लेहाउस लोकांच्या तोंडात पिला हाउस झालं. नाटकाचा जोर ओसरला तशी हीच नाट्यगृहं सिनेमाकडे वळली. आल्फ्रेड, रॉयल, निशात, गुलशन अशी नावं तिथे एका रांगेत होती. स्वस्त तिकीट, जुने चित्रपट आणि दुपारच्या उन्हात पंख्याखाली टेकायला आलेले हमाल नि हातगाडीवाले हा तिथला प्रेक्षक. थिएटरच्या आठवणी लिहिणारे बहुतेक वेळा बाल्कनीतून लिहितात. पिला हाउसच्या स्टॉलमधल्या माणसाने लिहिलं असतं तर ते वेगळं निघालं असतं.

त्याच्याजवळचा लॅमिंग्टन रोड हा हिंदी सिनेमाचा राजरस्ता. नाझ, इम्पीरियल, स्वस्तिक, अप्सरा आणि सगळ्यांत भारदस्त मिनर्व्हा. नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. कुठला चित्रपट उचलला आणि कुठला पडला, याचा पहिला निकाल तिथल्या जिन्यांवर लागायचा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मिनर्व्हात ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं राहिला, आधी तीन वर्षं नेहमीच्या खेळांना आणि पुढे मॅटिनीला. प्रीमियरच्या रात्री ७० एमएमची प्रत कस्टममध्ये अडकल्याने ३५ एमएमवर भागवावं लागलं होतं. आता मिनर्व्हा पाडलेलं आहे. रस्त्याचं अधिकृत नाव दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, धंदा इलेक्ट्रॉनिक सामानाचा आहे आणि लोक अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात.

ही थिएटरं एवढी थोरली आणि थाटाची का बांधली गेली? हौस होतीच, पण हिशोबही होता. तिकीट काही आण्यांचं. त्यात नफा मिळवायचा तर हजार-हजार खुर्च्या हव्यात आणि त्या भरायच्या तर चित्रपट सुरू होण्याआधीच माणसाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला हवं. म्हणून रुंद जिना, आरसे, झुंबरं, पितळी कठडे, मखमली पडदा. चाळीतल्या एका खोलीत सात जणांत राहणाऱ्या माणसाला तीन तास राजवाड्यात बसता येत होतं.

कुलाब्याचं रीगल १९३३ साली उघडलं. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स स्टीव्हन्स यांनी त्याचा आराखडा केला. वातानुकूलित प्रेक्षागृह आणि तळघरात मोटारी लावायची सोय ही त्या काळच्या मुंबईत नवलाईच होती. पहिला खेळ लॉरेल-हार्डीचा. १९३८ साली धोबी तलावाला मेट्रो आलं. ते थेट हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने स्वतःचे चित्रपट दाखवण्यासाठी बांधलं होतं. त्याच वर्षी चर्चगेट स्टेशनसमोर सोहराबजी भेदवारांच्या आराखड्यावर इरॉस उभं राहिलं, आग्र्याच्या लाल दगडात. या तिन्ही ठिकाणी मान इंग्रजी चित्रपटांचा. हिंदीला दक्षिण मुंबईत तसा दिमाखदार निवारा मिळाला तो १९४९ साली मरीन लाइन्सच्या लिबर्टीत. हबीब हुसेन यांनी ते बांधलं, नाव नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्यावरून ठेवलं आणि पडदा ‘अंदाज’ने उघडला. पुढे ‘हम आपके हैं कौन’ याच ठिकाणी शंभरहून जास्त आठवडे चालला.

थाट बाहेर होता, मेहनत वरच्या अंधाऱ्या खोलीत होती. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून पेटवायच्या. जळत जातील तशा त्या सरकवत राहायचं, नाहीतर पडदा काळवंडायचा आणि पिटातून शिट्ट्या यायच्या. खोलीतली उष्णता असह्य, म्हणून ऑपरेटर बनियनवर काम करायचा. मशिनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकायचा आणि त्या इशाऱ्यावर दुसरं सुरू करायचं. प्रेक्षकाला सांधा कळला नाही, तर ऑपरेटर तरबेज. एक प्रत दोन टॉकीजमध्ये फिरवायची असेल तर इथलं रीळ संपताच पोऱ्या डबा सायकलला लावून तिकडे पळायचा. वाटेत पंक्चर झालं की तिकडे इंटरव्हल लांबायचा आणि खाऱ्या दाण्यांची विक्री वाढायची. पुढे कार्बनच्या जागी झेनॉनचे दिवे आले. २००० नंतरच्या दशकात चित्रपट उपग्रहावरून थेट संगणकात उतरू लागला आणि डबा, पोऱ्या, सायकल हे सगळंच संपलं.

टॉकीज कुणी मारल्या, या प्रश्नाला ‘मल्टिप्लेक्सने’ असं झटपट उत्तर दिलं जातं. पण दुखणं आधीपासूनचं होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि शनिवारी मराठी, रविवारी हिंदी चित्रपट घरबसल्या दिसू लागला. १९८२ नंतर रंगीत संच आणि पाठोपाठ व्हिडिओ आला. गल्लीत कॅसेट भाड्याने मिळू लागली तसा सहकुटुंब येणारा प्रेक्षक आटला. करमणूक कर मुंबई इलाख्यात १९२३ पासून होताच. तो इतका चढला होता की तिकिटातला मोठा वाटा सरकारजमा व्हायचा. खुर्च्या फाटल्या, एसी बंद पडला, मुतारीचा वास आत येऊ लागला. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून लोक येईनात, आणि लोक येईनात म्हणून पैसा नाही.

२००१ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सला करसवलत जाहीर केली. पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं पाव दराने. शेजारची जुनी टॉकीज मात्र पूर्ण कर भरत राहिली. हजार खुर्च्यांचं दार दिवसातून चार वेळा उघडायचं आणि प्रत्येक वेळी ती भरायची चिंता. मल्टिप्लेक्सवाला दोनशे-दोनशेच्या खोल्यांतून चार वेगळे चित्रपट दाखवणार. त्यातच टॉकीजच्या मोक्याच्या जागेला सोन्याचा भाव आलेला. वारसांपैकी एकाला सिनेमाचा लळा, बाकीच्यांना जागेचा. पुण्यात डेक्कनवरच्या नटराजच्या जागी मॉल झाला, दादरच्या कोहिनूरचंही तेच. १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ याच कोहिनूरवरून उतरवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी शिवसैनिक उभे करून तो टिकवला. मराठी चित्रपटाला थिएटर मिळण्याच्या भांडणाची ही जुनी पाळंमुळं. दादरचंच चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. शेवटच्या खेळाला आलेल्यांनी खुर्च्यांसोबत फोटो काढून घेतले.

काही जागा तगल्या, पण रूप पालटून. ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, १९३५ साली त्याचं सिनेमागृह झालं आणि १९९३ साली ते बंद पडलं. त्या भागाला लोक ऑपेरा हाउसच म्हणत राहिले, कुलूप असतानासुद्धा. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१६ साली पडदा पुन्हा वर गेला, नाटक-संगीतासाठी. मेट्रोच्या पोटात मल्टिप्लेक्स झालं. रीगल आणि इरॉसचा समावेश असलेल्या मुंबईच्या आर्ट डेको वास्तूंना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हा इरॉस बंदच होतं. २०२४ साली ते आयमॅक्सचा पडदा घेऊन परतलं. मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरात १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ची रिळं हत्तीवरून आली होती. १९९५ साली लागलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने तिथेच डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे पूर्ण केले. दोन गाड्यांमधल्या वेळात प्रवासी स्टेशनवरून येऊन थोडा वेळ बसून जातात.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एक वेगळीच गोष्ट घडली. इंदूरच्या सरदार किबे यांच्या जागेतलं हे थिएटर १९३४ साली सुरू झालं आणि प्रभात फिल्म कंपनीने चालवायला घेतलं. ‘प्रभात’ नावाने ते ऐंशी वर्षं चाललं. मराठी चित्रपटाचं माहेरघर, असं त्याला कौतुकाने म्हटलं जाई. चित्रपट चांगला आहे की नाही यापेक्षा तो ‘प्रभातला’ किती आठवडे टिकला, यावर पुणेकर मत बनवायचे. भाडेकरार संपून २०१४ च्या अखेरीस ते चालवणाऱ्या दामले कुटुंबाने ते मूळ मालकांच्या स्वाधीन केलं. पुन्हा उघडलं तेव्हा दर्शनी भागावर ‘किबे लक्ष्मी’ अशी पाटी होती. इतिहासाच्या दृष्टीने पाटी बरोबर आहे, कारण वास्तूचं मूळ नाव तेच.

पण अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आलेला ग्राहक दुकानदाराला फोनवर विचारतो, ‘नक्की कुठे आहात तुम्ही?’ आणि पलीकडून उत्तर येतं, ‘प्रभात माहितीये ना? तिथून पुढे या.’