तलावांच्या प्रदेशातील पाच दिवसांची अभ्याससहल
अरण्य, पक्षी व लोकजीवन यांच्या दर्शनाची आखणी

धानाची मळणी आटोपली, कोठारे भरली आणि उन्हाळी पिकाच्या कामास अद्याप अवकाश आहे, असा काळ पूर्व विदर्भातील शेतकऱ्यास पौष महिन्याच्या सुमारास लाभतो. या विसाव्याच्या दिवसांत गावातील पंधरा-वीस मंडळींनी मिळून एखादी अभ्याससहल काढावी, हे सर्व दृष्टींनी इष्ट होय. सहल म्हटली की देवदर्शन अथवा शहरातील प्रदर्शन एवढेच बहुधा डोळ्यांसमोर येते. तथापि गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील अरण्ये, तेथील तलाव, त्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारे पक्षी आणि त्याच परिसरातील लोककला यांचे दर्शन पाच दिवसांत सहज घेता येते. प्रश्न केवळ नीट आखणीचा आहे.

या प्रदेशाची निवड करण्यास एक विशेष कारण आहे. येथे वाघ शासनाच्या राखीव अरण्यात राहतो. परंतु सारस हा पक्षी शेतकऱ्याच्या बांधीत राहतो. पहिल्याचे रक्षण वनविभाग करतो. दुसऱ्याचे रक्षण शेतकऱ्यावाचून कोणासही करता येणार नाही. एकाच सहलीत दोन्ही पाहिले म्हणजे हा भेद मनावर चांगला ठसतो.

सहलीपूर्वीची तयारी

सहलीची तयारी प्रत्यक्ष प्रयाणापूर्वी दोन महिने सुरू करावी. ५ नोव्हेंबर हा अरण्यविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. या दोन तिथींमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. हे दिवस धानकापणीचे असल्याने तेव्हा प्रवास शक्य नसतो. पण सकाळी एक तास आपल्याच गावच्या तलावावर जाऊन पक्ष्यांची नोंद करणे कोणासही शक्य आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी त्यासाठी एक वही घालावी आणि तीत दिनांक, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या व तो काय करीत होता, असे सहा रकाने आखावेत. शाळेतील मुलांना या कामात अवश्य सामील करून घ्यावे. पक्ष्याचे ग्रांथिक नाव ठाऊक नसल्यास गावात प्रचलित असलेले नावच लिहावे.

सहलीचा काळ डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा आरंभ हा ठेवावा. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन बंद असते. हिवाळ्यात मात्र पाहुणे पक्षी आलेले असतात, झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम भरात असतो आणि रस्तेही कोरडे असतात. आठवड्यातील एक दिवस अरण्याची प्रवेशद्वारे बंद असतात. तो दिवस कोणता, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे व त्यानुसार दिवसांचा क्रम लावावा.

अरण्यात फिरण्यासाठी उघडे वाहन व अधिकृत मार्गदर्शक घ्यावा लागतो. एका वाहनात साधारणतः सहा पर्यटक बसतात. म्हणून मंडळींची संख्या बारा किंवा अठरा ठेवणे सोयीचे पडते. प्रवेशाची नोंदणी अगोदर करावी लागते व प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत असावे लागते. हिशेब, भोजन व नोंदवही ही तीन कामे तीन निरनिराळ्या व्यक्तींकडे सोपवावीत. स्त्रियांचा समावेश अवश्य करावा. तलावातील वनस्पती, मासे आणि रानभाज्या यांची माहिती पुष्कळदा त्यांनाच अधिक असते.

सोबत घ्यावयाच्या वस्तू थोड्या आहेत. मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे, पहाटेच्या थंडीसाठी घोंगडी अथवा शाल, पाण्याची बाटली, विजेरी, नेहमीची औषधे आणि सर्व मंडळींत मिळून निदान दोन दुर्बिणी असाव्यात.

पाच दिवसांचा क्रम

पहिला दिवस : गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे स्थानक असल्याने तेथे एकत्र जमणे सर्वांस सोपे जाते. शहरानजीक नागरा येथील प्राचीन शिवमंदिर दुपारपूर्वी पाहून घ्यावे. तिसऱ्या प्रहरी परसवाडा अथवा झिलमिली येथील तलावाकडे निघावे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी हे हिवाळी पाहुणे आणि अडई, वारकरी, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे ओळखीचे पक्षी येथे शोधावेत. तलावाच्या पाळीवर सर्वांनी एकाच जागी बसून राहावे. चालत राहिल्यास पक्षी उठतात व काहीच धड पाहता येत नाही.

दुसरा दिवस : पहाट सारसासाठी राखून ठेवावी. सुमारे सहा फूट उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच होय. कापणी झालेल्या बांध्यांत तो जोडीने चरताना दिसतो. पावसाळ्यात पिल्लू जगले असल्यास तेही आईबापांबरोबर असते. महाराष्ट्रातील त्याचे वास्तव्य आता जवळजवळ या परिसरापुरतेच उरले असून अलीकडील गणनांत गोंदिया जिल्ह्यातील संख्या पन्नासाच्याही आत भरली आहे. पाहणाऱ्यांनी दोन-अडीचशे पावलांच्या आत जाऊ नये आणि शेतमालकाच्या अनुमतीशिवाय बांधीत उतरू नये. ज्यांच्या शेतात ही जोडी येते त्या शेतकऱ्यांशी बोलण्यासाठी तासभर वेळ ठेवावा. या सहलीतील तो सर्वांत मोलाचा तास ठरेल. दुपारी तिरोडा तालुक्यातील चोरखमारा येथे पोचून नागझिऱ्याच्या अरण्यात पहिला फेरफटका करावा.

तिसरा दिवस : सकाळी पुन्हा नागझिऱ्यात जावे. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. येथील वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या. तथापि केवळ वाघाच्या मागे वाहने धावडविणे म्हणजे अरण्य न पाहताच परत येणे होय. रानगवा, सांबर, चितळ, अस्वल, रानकुत्र्यांचा कळप, तसेच सुतार, हळद्या व मोरघार यांसारखे पक्षी पाहणाऱ्यास हे वन कधीही रित्या हातांनी पाठवीत नाही. दुपारी साकोलीमार्गे नवेगावबांध येथे मुक्कामास जावे.

चौथा दिवस : नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात व बांध घालण्यास त्यांनी साहाय्य केले अशी कथा आहे. कोलू पाटील पुढे कोलासुर या नावाने पूज्य झाले व त्यांचे ठाणे आजही तेथे आहे. तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्याला देवत्व देणारा हा समाज पाण्याचे मोल किती जाणत होता, हे निराळे सांगावयास नको. याच तलावाच्या काठी चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काही काळ घालविला व स्थानिक जाणकारांकडून अरण्यविद्या आत्मसात केली. पहाट तलावावर काढल्यावर इटियाडोह धरण, तसेच प्रतापगड येथील शिवस्थान व दर्गा ही ठिकाणे पाहावीत. गोठणगावनजीकच्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीस भेट द्यावयाची झाल्यास तेथील प्रमुखांस आधी कळवावे. हिवाळ्यात तेथील पुष्कळ लोक लोकरी कपड्यांच्या विक्रीसाठी बाहेरगावी असतात, हेही ध्यानात घ्यावे. छायाचित्र काढण्यापूर्वी अनुमती विचारावी.

रात्री झाडीपट्टीचे नाटक पाहावे. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र असून मंडळींचे प्रयोग दिवाळीनंतर गावोगावी होतात. दिवसा शंकरपट व रात्री नाटक ही येथील जुनी प्रथा. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान लाभला. प्रयोग बहुधा रात्रभर चालतो. म्हणूनच तो सहलीच्या शेवटच्या रात्री ठेवावा व दुसऱ्या दिवशी पहाटेचा कार्यक्रम योजू नये. अरण्यफेरीच्या आदल्या रात्री नाटक ठेवल्यास दोन्हींचा विचका होतो.

पाचवा दिवस : सकाळी उशिरा निघून अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एखाद्या मालगुजारी तलावास भेट द्यावी आणि दुपारी अर्जुनी अथवा वडसा स्थानकावरून परतीची गाडी धरावी. सहल माघ पौर्णिमेच्या सुमारास असेल तर एक दिवस वाढवून, सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे गोंड समाजाची जी मोठी यात्रा भरते, तिचेही दर्शन घेता येईल. तो सोहळा त्या समाजाच्या श्रद्धेचा आहे, याचे भान मात्र सोडू नये.

तलावापाशी काय शिकावे

अखेरच्या दिवसाची तलावभेट अनेकांना किरकोळ वाटेल. परंतु सर्व सहलीचा अर्थ तेथे उलगडतो. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर हे तलाव शासनाकडे आले. पूर्वी गाव मिळून गाळ काढी, पाळ दुरुस्त करी, तुडुमाची निगा राखी. ती सवय पुढे सुटत गेली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली आणि देवधानासारख्या पाणवनस्पती मागे हटल्या. वनस्पती गेल्या तशी माशांची वीण घटली. मासे, गोगलगायी व कंदमुळे घटली तसे पक्षीही उणावले. या तालुक्यातील ढिवर मंडळींनी, विशेषतः स्त्रियांनी, काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांनी काय लावले, केव्हा लावले व मासळीत काय फरक पडला, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे व वहीत टिपून घ्यावे.

सारसाची गोष्टही याहून निराळी नाही. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठी गवताकाड्यांचे मोठे घरटे रचतो व बहुधा दोन अंडी घालतो. नर व मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. घरट्यापायी धानाचा लहानसा तुकडा दडपला जातो, हे खरे. पण त्या एका महिन्यात कुत्री, गुरे व उत्सुक माणसे दूर राखली नाहीत तर वर्षाची वीण वाया जाते. विजेच्या तारांना धडकून आणि कीटकनाशकांच्या विषबाधेने सारस दगावल्याच्याही नोंदी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही न्यायालय बांधीवर पहारा देऊ शकत नाही. ते काम घरट्याच्या धन्याचे, म्हणजे शेतकऱ्याचेच आहे. गोंदियातील अनेक शेतकरी ते करीत आहेत, म्हणूनच हा पक्षी आज तेथे दिसतो.

परतल्यानंतर

सहलीनंतर आठ दिवसांच्या आत ग्रामसभेत नोंदवही वाचून दाखवावी. पक्षी सप्ताहात आपल्या तलावाची केलेली नोंद आणि सहलीतील तलावांची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. तेथे असलेले व आपल्याकडे नसलेले पक्षी कोणते, ते का नसावेत, आपल्या पाळीची, गाळाची व वनस्पतींची स्थिती कशी आहे, याचा विचार सर्वांनी मिळून करावा आणि येत्या उन्हाळ्यात करावयाचे निदान एक काम त्याच सभेत निश्चित करावे. बेशरम काढणे, तलावाचा एखादा कोपरा पाणवनस्पतींसाठी राखणे, घरटे दिसल्यास त्या बांधीत महिनाभर फवारणी न करणे, यांपैकी कोणतेही काम गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

पुढील नोव्हेंबरमध्ये त्याच तलावावर, त्याच वेळी, तीच वही घेऊन पुन्हा बसावे. एखादे नवे नाव वहीत वाढले तर सहलीचा खर्च फिटला असे खुशाल समजावे.