सिमेंट कातडी खातं, भरपाई कोण देतं?

स्लॅब पडतो त्या दिवशी बिगाऱ्याला दम घ्यायला फुरसत नसते. ओला माल गमबुटात शिरतो, फिनिशिंग करताना गुडघे त्यातच टेकलेले असतात आणि काहीही दुखत नाही. चुरचुर सुरू होते ती काही तासांनी, बऱ्याचदा घरी गेल्यावर. दुसऱ्या दिवशी पाहावं तर कातडी काळपट पडून सुटायला लागलेली.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि मालाचा पीएच 12-13 पर्यंत जातो. असा क्षार त्वचेतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत उतरत राहतो. वरून जखम लहान दिसते, पण प्रसंगी दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागते. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर दृष्टीच जाऊ शकते. उपाय एकच: बूट-कपडे ताबडतोब काढून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुणं आणि मग दवाखाना. लिंबू किंवा व्हिनेगर चोळण्याचा सल्ला देणाऱ्यांकडे साफ दुर्लक्ष करावं.

दुखणं उशिरा येतं, आणि भरपाईचं घोडं नेमकं तिथेच अडतं. मचाणावरून पडलेला माणूस सगळी साईट पाहते. सिमेंटनं भाजलेल्याला पाहणारं कोणी नसतं. मुकादम सरळ म्हणतो, 'घरी भाजलं असेल.' त्यात हजेरी वहीत नावच नाही, मजुरी रोख. मग सिद्ध काय करायचं?

कायदा मात्र इतका लेचापेचा नाही. भरपाईचा 1923 चा कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण गाभा तोच राहिला. मजूर कंत्राटदाराचा असला तरी ज्या बिल्डरच्या धंद्यासाठी तो राबतो, त्याच्यावरही जबाबदारी येते. बिल्डरनं ती रक्कम हवी तर कंत्राटदाराकडून वसूल करावी. पाच-दहा हजार हातावर टेकवून, अंगठा घेऊन हक्क सोडवून घेतला तर तो करार कायद्यापुढे टिकत नाही. (असे कागद तरीही सर्रास होतात.) काम काही दिवस सुटलं तर अर्धं वेतन, उपचाराचा खर्च वेगळा. पंधरा हजार मासिक वेतन धरलेल्या तीस वर्षांच्या मजुराची एका डोळ्याची दृष्टी गेली, तर अपंगत्व 30 टक्के मानून हिशेब साडेपाच लाखांच्या वर जातो.

म्हणून ओळखीच्या कोणाला असं भाजलं, तर दवाखान्यात सोबत जा आणि केसपेपरवर डॉक्टरांकडून 'साईटवर ओल्या सिमेंटनं भाजले' हे तारीख आणि ठिकाणासह लिहून घ्या. त्याच दिवशी ठेकेदाराला लेखी कळवा आणि जखमेचा फोटो काढून ठेवा.