पेंटॅक्सचा कॅमेरा आणि खरेदीचा खरा ताळेबंद

कॅमेरा विकत घेण्याचा विचार करणारा गृहस्थ दुकानाची पायरी चढण्यापूर्वी बहुधा एक तक्ता मनाशी जुळवून ठेवतो. त्याच्या एका रकान्यात मेगापिक्सेल, दुसऱ्यात सेकंदाला निघणाऱ्या छायाचित्रांची संख्या आणि शेवटच्यात बॉडीची किंमत मांडलेली असते. या तक्त्यातून खर्चाचा केवढा मोठा भाग निसटून जातो, हे समजून घ्यायचे असेल तर २००६ सालच्या बाजाराकडे पाहावे.

त्या वर्षी जून ते सप्टेंबर या अवघ्या चार महिन्यांत चार जपानी कंपन्यांनी हौशी छायाचित्रकारांसाठी दहा मेगापिक्सेलचे चार कॅमेरे जाहीर केले: सोनीचा अल्फा १००, निकॉनचा डी८०, कॅननचा ४००डी आणि पेंटॅक्सचा के१०डी. अमेरिकेत नुसत्या बॉडीचे दर कॅननचा सुमारे ८०० डॉलर, सोनी व पेंटॅक्सचे सुमारे ९०० आणि निकॉनचा सुमारे १००० असे होते. कॅनन आपला सेन्सर स्वतः बनवीत असे. उरलेल्या तिघांच्या पोटात सोनीच्याच कारखान्यातला सीसीडी सेन्सर होता. म्हणजे ज्या आकड्यावर जाहिरातींचा सारा भर होता, त्या आकड्याने या चौघांत निवड करण्यास काडीचीही मदत होत नव्हती.

या चौघांत पेंटॅक्सचे नाव आपल्याकडे सर्वांत कमी ऐकू येई, वास्तविक ही कंपनी १९१९ साली स्थापन झालेली, आणि ३५ मिलिमीटर फिल्मचा पहिला जपानी एसएलआर, आसाहिफ्लेक्स, १९५२ साली तिनेच बाजारात आणलेला. डिजिटल युगात मात्र कॅनन आणि निकॉन यांच्या अफाट पसाऱ्यापुढे तिला टिकाव धरायचा होता, आणि त्यासाठी तिने त्याच किमतीत ग्राहकाच्या पदरात अधिक घालण्याचा मार्ग पत्करला.

त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रतिमेचे स्थिरीकरण. हातात धरलेला कॅमेरा किंचित हलतोच, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका तो कंप चित्रात अधिक उमटतो; म्हणून २०० मिलिमीटरच्या लेन्सने या कॅमेऱ्यांवर सुस्पष्ट चित्र हवे असेल तर शटर साधारण सेकंदाच्या तीनशेव्या भागापुरतेच उघडावे, असा जुना संकेत आहे. संध्याकाळच्या मंद उजेडात एवढ्या अल्प काळात पुरेसा प्रकाश मिळत नाही. कॅनन व निकॉन यांनी यावरचा उपाय लेन्सच्या आत बसविला होता: तेथे भिंगांचा एक गट हलून कंपाची भरपाई करतो. पेंटॅक्सने, मिनोल्टाची परंपरा पुढे चालविणाऱ्या सोनीप्रमाणे, बॉडीतला सेन्सरच हलता केला. या योजनेने दोन टप्प्यांचा, म्हणजे चौपट वेळेचा, लाभ झाला असे धरले, तरी तीनशेव्या भागाऐवजी पंचाहत्तराव्या भागावर निभावते, आणि मुख्य म्हणजे बॉडीला लावलेल्या प्रत्येक लेन्सला तो लाभ आपोआप मिळतो. कॅननची ७०-२०० मिलिमीटर एफ/४ ही लेन्स स्थिरीकरणासह घ्यायची झाल्यास तिच्या साध्या आवृत्तीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मोजावी लागे. बॉडीत वाचलेले शंभर डॉलर अशा एकाच खरेदीत कितीतरी पटींनी खर्ची पडत. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की लेन्समधल्या स्थिरीकरणाने दृश्यदर्शकातले चित्रही स्थिर दिसते, आणि उडत्या पक्ष्याचा पाठलाग करणाऱ्याला त्याचे मोल फार वाटते.

जुन्या लेन्सच्या बाबतीत तर पेंटॅक्सचे औदार्य मला विशेष भावते. १९७५ साली ठरविलेला के माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारा सांधा, कंपनीने सोडला नाही. त्यामुळे घरातल्या कपाटात पडून असलेली वडिलांची लेन्स के१०डीवर बसते, सुरू करतेवेळी तिची फोकल लेंथ कॅमेऱ्याला सांगितली की तिलाही स्थिरीकरण मिळते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो. कॅननने १९८७ साली माउंटच बदलला, सबब आधीच्या एफडी लेन्स नव्या बॉडीला बसत नाहीत. निकॉनचा १९५९ चा माउंट कायम राहिला, परंतु इलेक्ट्रॉनिक चिप नसलेली जुनी लेन्स लावल्यास डी८०चा प्रकाशमापक काम करीत नाही.

शिवाय के१०डीच्या बॉडीत धूळ व पाणी अडविण्यासाठी ७२ ठिकाणी सील बसविलेली होती, जी उरलेल्या तिघांत नव्हती. सह्याद्रीत आषाढात भटकणाऱ्याला हा गुण वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि या बॉडीसोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स स्वतः सीलबंद नव्हती, आणि त्या दर्जाच्या डीए स्टार लेन्स २००७ साली आल्या. तोवर ते सारे संरक्षण अर्धेच राहिले.

उणिवा याहून गंभीरही होत्या. धावत्या विषयावर सतत फोकस धरून ठेवण्यात पेंटॅक्स मागे पडे. अतिदूरच्या लेन्सची तिची यादी कॅननच्या यादीपुढे तोकडी होती. आणि जेपीईजी चित्रे मूळ मांडणीत काहीशी मृदू निघत. दुरुस्तीचा विचारही खरेदीच्या ताळेबंदात धरावाच लागतो: कॅननची भारतीय कंपनी १९९७ पासून आणि निकॉनची २००७ पासून कार्यरत आहे. म्हणून क्रीडास्पर्धा किंवा वन्यजीव टिपणाऱ्याला मी त्या काळीही निकॉन अथवा कॅननच सुचविला असता. निसर्गदृश्ये, माणसांचे चेहरे, प्रवास यांत रमणाऱ्या आणि मोजक्या पैशांत दीर्घकाळ निभावू पाहणाऱ्या माणसाला मात्र निःसंकोचपणे पेंटॅक्स.

पुढे कंपनीची मालकी होयाकडे व २०११ साली रिकोकडे गेली, पण धोरण पालटले नाही. २०१६ साली तिने पूर्ण आकाराच्या ३६ मेगापिक्सेल सेन्सरचा के-१ अमेरिकेत सुमारे १८०० डॉलरला आणला. तितक्याच मेगापिक्सेलचा निकॉन डी८१० दोन वर्षांपूर्वी निघाला तेव्हा सुमारे ३३०० डॉलरचा होता, आणि त्याच्या बॉडीत स्थिरीकरण नव्हते. २०१८ साली के-१ची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा जुन्या ग्राहकाला कंपनीने एक सवलत देऊ केली: आपला कॅमेरा पाठवून द्यावा, ५५० डॉलर भरावे, आणि आतला मुख्य सर्किट बोर्ड बदलून तोच कॅमेरा नव्या आवृत्तीचा करून परत न्यावा.