काळ्या जमिनीतील बोगनवेल

वाशीम जिल्ह्यात बोगनवेल लावणाराची नेहमीची तक्रार अशी, की वेल पानांनी गच्च भरते, परंतु रंगावर येत नाही. पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी दिले जाते आणि त्याने अपायच वाढतो.

फिलिबेर कॉमरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ साली ब्राझीलमध्ये पाहिलेली ही आरोही क्षुपवर्गीय वनस्पती गुलबक्षीच्या कुलातील होय. तिची 'फुले' म्हणजे वस्तुतः तीन रंगीत छदे. खरे फूल लहान, नळीसारखे व छदाच्या मध्यशिरेस चिकटलेले असते. छदांचा जांभळा-तांबडा रंग अँथोसायनिनांचा नसून बीटालेनांचा असतो. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिचा काटा व फुलोरा समजात आहेत. पानाच्या बगलेतील एकाच अंकुराचे यांपैकी काय व्हावे, हे परिस्थितीवर अवलंबून असते. मुबलक पाणी व नत्र मिळाल्यास जोमदार वाढ आणि काटे. किंचित ताण व लहान दिवस लाभल्यास फुलोरा.

आता येथील जमिनीकडे वळू. बेसाल्टापासून बनलेल्या काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट पावसाळ्यात फुगते, हवेच्या वाटा बंद होतात व मुळे कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून मुळे तोडते. खड्डा खणून मुरूम भरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. भारी जमिनीत मात्र असा खड्डा पाण्याचा हौदच ठरतो! त्यापेक्षा दीड-दोन फूट उंचीचा मुरूममिश्रित मातीचा ओटा करून त्यावर वेल लावणे श्रेयस्कर. चुनखडीमुळे कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडल्यास ती लोहाची उणीव समजावी व फेरस सल्फेटचा अर्धा टक्का द्रव फवारावा.

फुले नव्या फुटीवर येत असल्याने मोठी छाटणी बहर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी. दसऱ्यानंतर पाणी तोडावे आणि पाने किंचित मलूल झाल्यावरच पुन्हा भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे शिंपणे निरुपयोगी. कोवळ्या रोपास मात्र पहिले वर्ष हा ताण देऊ नये.

अभिवृद्धी पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीच्या कलमांनी होते. मुळे अतिशय ठिसूळ असल्यामुळे रोप हलविताना मातीचा गोळा फुटता कामा नये. रोपे दगावतात ती बहुधा याच वेळी.